कॉर्पोरेशनचं पाणी, बोअरचं पाणी आणि लिनक्सवरचं सॉफ्टवेअर

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दोन टाक्या आहेत. एकीत कॉर्पोरेशनचं पाणी पडतं: खडकवासल्याहून आलेलं, शुद्ध केलेलं, प्यायचं. दुसरीत बोअरचं, ते फ्लशला आणि बागेला. एका उन्हाळ्यात पाणीकपात चालू असताना कुणीतरी प्लंबरकडून दोन्ही लाइनींच्या मध्ये एक जोड मारून घेतला आणि त्यावर व्हॉल्व्ह बसवला. पाऊस झाला, कपात उठली, जोड सगळे विसरले. प्लंबरही गावी निघून गेला. तीन वर्षांनी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या स्वयंपाकघरात जड पाणी यायला लागलं, स्टीलच्या भांड्यांवर पांढरे डाग दिसायला लागले, आणि ते येतंय कुठून हे शोधण्यात आमचे दोन रविवार गेले. व्हॉल्व्ह गंजून अर्धवट उघडा राहिला होता. नकाशात मात्र तो जोडच नव्हता.

मी ज्या संस्थेत संगणक सांभाळतो, तिथल्या एका लिनक्स मशिनवर त्याच वर्षी नेमकं हेच झालं. ती गोष्ट पुढे सांगतो. आधी सांगायचं ते एवढंच की लिनक्सवरही पाणी दोन ठिकाणांहून येतं. एक पॅकेज मॅनेजरमार्फत, म्हणजे उबुंटू, डेबियन किंवा फेडोरा अशा लिनक्सच्या प्रकारांच्या अधिकृत भांडारातून. दुसरं आपण स्वतः आणतो: सोर्स, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, डाउनलोड करून कंपाइल केलेलं, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्रॅम बांधलेलं, किंवा कुठल्या तरी साइटवरून झिप उतरवून उलगडलेलं. दोन्ही वापरायला हरकत नाही. पुण्यात इंजिनिअरिंग करणाऱ्या, संशोधन करणाऱ्या, छोट्या कंपनीत सर्व्हर बघणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी दुसरा मार्ग धरावाच लागतो. अडचण येते ती जोडांची आणि नोंदींची.

कमांड आणि फोल्डरांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, म्हणजे वाचताना अडखळायला होणार नाही. टर्मिनलवर ती अर्थात रोमन लिपीतच टाइप करायची.

पॅकेज मॅनेजरचं खरं काम

बहुतेकांना वाटतं, पॅकेज मॅनेजर म्हणजे सॉफ्टवेअर डाउनलोड करून देणारा. डाउनलोड तर ब्राउझरही करतो. पॅकेज मॅनेजरची खरी किंमत त्याच्या वहीत आहे. डेबियन १९९३ साली इयन मर्डॉक यांनी सुरू केलं आणि १९९४ पासून त्याच्याकडे डीपीकेजी हा पॅकेज मॅनेजर आहे. इंटरनेटवरून पॅकेजं, म्हणजे सॉफ्टवेअरची गाठोडी, आणणारं आणि एकाला लागणारी दुसरी चार शोधून देणारं एपीटी नंतरचं, १९९८ सालचं. आजही उबुंटूवर आपण 'एपीटी इन्स्टॉल' म्हणतो तेव्हा शेवटी फायली जागेवर ठेवण्याचं आणि वहीत लिहिण्याचं काम डीपीकेजीच करतो.

ही वही खरोखरच उघडून बघता येते. '/व्हार/लिब/डीपीकेजी/इन्फो' या फोल्डरात प्रत्येक पॅकेजच्या नावाची एक यादी असते: या पॅकेजनं कुठे कुठे कोणती फाइल ठेवली. साधी टेक्स्ट फाइल, कुणीही वाचावी. उलटा प्रश्नही विचारता येतो. 'डीपीकेजी -एस' आणि पुढे एखाद्या फाइलचा पूर्ण पत्ता दिला की ती कुणाची आहे ते नाव येतं. इथला एस कॅपिटल. रेड हॅटच्या घराण्यात, म्हणजे फेडोरा वगैरेंत, हेच काम 'आरपीएम -क्यूएफ' करतं आणि आर्च नावाच्या लिनक्समध्ये 'पॅकमॅन -क्यूओ'.

वहीमुळेच पॅकेज काढताना फारसा कचरा मागे उरत नाही. वहीमुळेच दोन पॅकेजं एकाच नावाची फाइल ठेवू लागली तर डीपीकेजी अडून बसतो आणि सांगतो की ही फाइल आधीच अमक्याची आहे, मी तिच्यावर दुसरी लिहिणार नाही.

हा अडून बसण्याचा गुण फक्त वहीतल्या फायलींपुरता आहे, आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं. समजा तुम्ही '/यूएसआर/बिन'मध्ये स्वतः एक प्रोग्रॅम नेऊन ठेवला. वहीत त्याची नोंद नाही, म्हणजे पॅकेज मॅनेजरच्या दृष्टीनं ती जागा रिकामी. उद्या त्याच नावाची फाइल घेऊन एखादं पॅकेज आलं की तुमची फाइल पुसली जाईल आणि एका शब्दानं कुणी विचारणार नाही. उलट बाजूही तशीच आहे. पॅकेजनं ठेवलेल्या फाइलवर तुम्ही तुमची नवी आवृत्ती कॉपी केलीत तर वहीत जुनीच नोंद राहते. पुढचं अपडेट येतं तेव्हा तुमचं सगळं काम जातं आणि 'काल तर चालत होतं' हे वाक्य ऐकू येतं. असा संशय आला तर 'डीपीकेजी --व्हेरिफाय' चालवून बघावं. वहीतल्या बेरजेशी, म्हणजे मूळ फाइलवरून काढून ठेवलेल्या तपासणीच्या आकड्याशी, न जुळणाऱ्या फायली ते दाखवतं.

म्हणून पहिला नियम कडक आहे: '/यूएसआर/बिन', '/यूएसआर/लिब' आणि त्यांच्या शेजारच्या फोल्डरांत स्वतःच्या हातानं काहीही ठेवायचं नाही. ती कॉर्पोरेशनची लाइन आहे.

आधी स्वतःला विचारा, बोअर लागेलच का?

हातानं टाकण्याचं सगळ्यात जास्त ऐकू येणारं कारण म्हणजे 'भांडारातली आवृत्ती जुनी आहे'. ती जुनी असतेच, आणि मुद्दाम. डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते. उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर सम वर्षी एप्रिलमध्ये येते आणि तिला नेहमीचा आधार पाच वर्षं मिळतो. त्या काळात सॉफ्टवेअरचे आकडे बहुतांशी गोठवलेले असतात. पण आकडा गोठला म्हणजे दुरुस्ती थांबली असं नाही.

२०१४च्या एप्रिलमधलं उदाहरण घेऊ. ओपनएसएसएल या लायब्ररीत, म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात अशा सामाईक कोडात, हार्टब्लीड नावाची भेग सापडली. तिच्यातून सर्व्हरच्या मेमरीतले तुकडे, पासवर्ड आणि गुप्त किल्ल्यांसकट, बाहेरचा माणूस वाचू शकत होता. १.०.१ पासून १.०.१एफ पर्यंतच्या आवृत्त्यांत ही भेग होती, १.०.१जी मध्ये ती बुजवली. त्या वेळच्या डेबियन ७ वर १.०.१ई होती. डेबियननं जी आवृत्ती आणली नाही. फक्त दुरुस्तीचा तेवढा तुकडा उचलला आणि आपल्या ई वर बसवला. आकडा ई राहिला, शेपटीचा क्रमांक बदलला, भेग मात्र बुजली. ज्यांनी नेहमीसारखं 'एपीटी अपग्रेड' केलं आणि सेवा पुन्हा सुरू केल्या, ते सुटले.

आता दुसरा माणूस बघा. त्यानं कधीतरी हौसेनं किंवा गरजेनं तीच १.०.१ई सोर्सवरून स्वतः बांधून ठेवली होती. त्यानंही 'एपीटी अपग्रेड' केलं, तेही निर्विघ्न पार पडलं. त्याचा वेबसर्व्हर मात्र त्याच्या स्वतःच्या लायब्ररीवर चालत होता आणि तिला कुणी हात लावला नाही. दोन मशिनींवर आकडा तोच, एक सुरक्षित आणि एक उघडी. नुसता आकडा बघून 'जुनं आहे, बदला' म्हणणं किती फसवं आहे, हे मला या प्रकरणानं शिकवलं.

म्हणून सोर्स उतरवण्याआधी थोडं थांबावं. डेबियनचं बॅकपोर्ट्स भांडार बघावं. त्यात नव्या आवृत्त्या जुन्या सिस्टिमसाठी बांधून ठेवलेल्या असतात आणि त्या वहीतही चढतात. ग्राफिकल अॅप असेल तर फ्लॅटपॅक किंवा स्नॅपमध्ये आहे का ते बघावं. ते आपला संसार वेगळा मांडतात आणि सिस्टिमच्या फायलींत मिसळत नाहीत. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचं स्वतःचं भांडार जोडणं हाही एक मार्ग. मात्र भांडार जोडताना एक गोष्ट मनात ठेवावी: पॅकेजबरोबर येणाऱ्या स्क्रिप्ट रूटच्या, म्हणजे मशिनच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, अधिकारानं चालतात. म्हणजे घराची किल्लीच आपण त्यांच्या हातात देतो. ज्यांना ती द्यायला तुम्ही मनापासून तयार आहात, त्यांचंच भांडार जोडावं.

एवढं करूनही काम भागत नसेल, तर खुशाल बोअर घ्या. मी स्वतः घेतो.

स्वतःची टाकी कुठे ठेवायची

युनिक्सच्या जुन्याजाणत्यांनी यासाठी जागा राखून ठेवली आहे: '/यूएसआर/लोकल'. कोणत्या फोल्डरात काय असावं याचं एक लिखित मानक १९९४ पासून आहे. आज त्याला फाइलसिस्टिम हायरार्की स्टँडर्ड म्हणतात आणि त्याची तिसरी आवृत्ती २०१५ साली आली. त्यात स्पष्ट म्हटलंय की '/यूएसआर/लोकल' ही त्या मशिनचा कारभार बघणाऱ्याची जागा, आणि सिस्टिमचं सॉफ्टवेअर अपडेट होताना तिथलं काही पुसलं जाता कामा नये. म्हणूनच सोर्सवरून बांधताना 'कॉन्फिगर', 'मेक', 'मेक इन्स्टॉल' ही तीन पावलं टाकली आणि वेगळं काही सांगितलं नाही, तर फायली आपोआप तिथेच जातात. सीमेक हे बांधणीचं साधन वापरणारे प्रकल्पही लिनक्सवर तिकडेच जातात.

दुसरी जागा '/ऑप्ट'. जे सॉफ्टवेअर आपलं सगळं बिऱ्हाड एकाच फोल्डरात घेऊन येतं, त्याच्यासाठी ती. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. तिथला डेटा तपासणारे विद्यार्थी कासा नावाचं सॉफ्टवेअर वापरतात. ते एका मोठ्या टार फाइलमध्ये येतं आणि स्वतःचं पायथनसुद्धा पोटात घेऊन येतं. ते '/ऑप्ट'मध्ये आवृत्तीच्या नावाच्या फोल्डरात उलगडावं, नको झालं की तो एक फोल्डर काढून टाकावा. जिथे इतकं सोपं आहे तिथे उगाच काही बांधत बसू नये.

मशिन तुमच्या एकट्याचं नसेल, किंवा रूटचा पासवर्ड तुमच्याकडे नसेल, तर होम फोल्डरातलं '.लोकल' वापरा. कॉलेजच्या सामाईक सर्व्हरवर काम करणाऱ्यांना मी नेहमी हेच सुचवतो. तुमची चूक तुमच्या घरातच राहते.

मॅक किंवा फ्रीबीएसडी वापरणाऱ्यांनी एक फरक लक्षात घ्यावा. फ्रीबीएसडीत पॅकेज मॅनेजर स्वतःच '/यूएसआर/लोकल' वापरतो. इंटेल मॅकवर होमब्रू हे पॅकेज आणणारं साधनही तिथेच राहतं, अॅपलच्या स्वतःच्या चिपवर ते '/ऑप्ट/होमब्रू'मध्ये गेलं. त्यामुळे तिथे '/यूएसआर/लोकल' म्हणजे 'आपली मोकळी जागा' असं डोळे मिटून धरू नये.

व्हॉल्व्ह: नळाला पाणी कुठून येतं

दोन टाक्या झाल्या. आता नळ सोडल्यावर कुठलं पाणी येतं हे ठरवतो 'पाथ'. टर्मिनलवर नुसतं प्रोग्रॅमचं नाव टाइप केलं की शेल, म्हणजे टर्मिनलवरच्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम, या पाथमधले फोल्डर डावीकडून उजवीकडे शोधत जातं आणि पहिला सापडला तो चालवतं. डेबियन-उबुंटूवर '/यूएसआर/लोकल/बिन' हे '/यूएसआर/बिन'च्या आधी असतं. म्हणून तुम्ही बांधलेली आवृत्ती सिस्टिमच्या आवृत्तीला झाकते. बहुतेक वेळा तेच हवं असतं.

'टाइप -ए' आणि पुढे प्रोग्रॅमचं नाव दिलं की त्या नावाच्या सगळ्या फायली क्रमानं दिसतात. काही विचित्र वागायला लागलं की मी पहिल्यांदा हेच बघतो. बॅश शेल एकदा सापडलेला पत्ता लक्षात ठेवतं. त्यामुळे नवी आवृत्ती टाकूनही जुनीच चालतेय असं दिसलं तर 'हॅश -आर' करावं किंवा नवं टर्मिनल उघडावं.

गोंधळ होतो तो पाथ सगळीकडे सारखा नसल्यामुळे. सुडोचा, म्हणजे रूटच्या अधिकारानं काम करून देणाऱ्या कमांडचा, पाथ वेगळा ठरवलेला असू शकतो. ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनमध्ये आपण वापरकर्ता म्हणून जे काम लावतो, त्याला डेबियनवर मिळतो तो पाथ म्हणजे फक्त '/यूएसआर/बिन' आणि '/बिन'. हातानं चालवलेली स्क्रिप्ट व्यवस्थित चालते आणि रात्री दोनला क्रॉनमधून चालवलेली तीच स्क्रिप्ट जुनी आवृत्ती उचलते, किंवा 'असा प्रोग्रॅमच नाही' म्हणते, त्याचं कारण नव्वद टक्के हेच. क्रॉनसाठी लिहिताना प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ता द्यावा.

प्रोग्रॅमचं हे असं. लायब्ररींचा मामला अधिक नाजूक आहे, आणि आमच्या संस्थेतलं मशिन तिथेच अडकलं.

एका विद्यार्थ्याला त्याच्या कामासाठी कर्लची, म्हणजे इंटरनेटवरून फायली आणणाऱ्या साधनाची, ताजी आवृत्ती हवी होती. त्यानं ती सोर्सवरून बांधली आणि '/यूएसआर/लोकल'मध्ये टाकली. कर्लबरोबर तिची लायब्ररी लिबकर्लही तिथे गेली. पीएचडी संपवून तो बंगळुरूला गेला. मधल्या काळात आम्ही मशिनची उबुंटू दोनदा वरच्या आवृत्तीला नेली. मग आर ही संख्याशास्त्राची भाषा वापरणाऱ्यांना प्रत्येक वेळी एक इशारा दिसायला लागला: '/यूएसआर/लोकल/लिब'मधल्या लिबकर्लमध्ये आवृत्तीची माहिती नाही. इशाऱ्याकडे सगळ्यांनी दुर्लक्ष केलं. पुढच्या अपडेटनंतर आर इंटरनेटवरून काही आणायला गेलं की बंदच पडू लागलं, कारण त्याला हवं असलेलं एक नवं फंक्शन त्या लायब्ररीत नव्हतं.

मी त्या विद्यार्थ्याला फोन केला. तो कळकळीनं म्हणाला, "सर, पण मी तर नियमाप्रमाणे '/यूएसआर/लोकल'मध्येच टाकलं होतं. सिस्टिमच्या एकाही फाइलला हात लावला नाही."

त्याचं म्हणणं शब्दशः खरं होतं. तरी सिस्टिमचं आर बिघडलं, कारण प्रोग्रॅम लायब्ररी शोधतात तेव्हा पाथ बघत नाहीत. ते बघतात एलडीकॉन्फिग या कमांडनं तयार केलेली लायब्ररींची यादी. डेबियन-उबुंटूवर त्या यादीत '/यूएसआर/लोकल/लिब' सिस्टिमच्या फोल्डरांच्या आधी येतं. एकाच नावाच्या दोन लायब्ररी असतील तर लोकलमधली जिंकते, आणि ती जिंकते सगळ्यांसाठी. ज्यानं ती टाकली त्याच्या प्रोग्रॅमपुरतंच ते राहत नाही. पॅकेज मॅनेजरमधून आलेले, तिच्याशी काही संबंध नसलेले प्रोग्रॅमही तीच उचलतात. टाकली तेव्हा ती सिस्टिमच्या लिबकर्लपेक्षा नवी होती म्हणून कुणाला काही जाणवलं नाही. दोन अपग्रेडनंतर सिस्टिम पुढे गेली आणि ती मागे राहिली. हाच तो गच्चीवरचा जोड.

रेड हॅटच्या घराण्यात उलटं असतं. तिथे '/यूएसआर/लोकल/लिब' त्या यादीत मुळातच नसतं, म्हणून तिथे नव्यानं बांधलेला प्रोग्रॅम 'लायब्ररी सापडली नाही' म्हणून सुरूच होत नाही. लोक वैतागतात, पण माझ्या मते ते बरं. बिघाड लगेच आणि जिथल्या तिथे दिसतो.

कोणता प्रोग्रॅम कोणती लायब्ररी उचलतोय हे 'एलडीडी' दाखवतं. आणि नवी लायब्ररी फक्त एकाच प्रोग्रॅमसाठी हवी असेल, तर ती '/यूएसआर/लोकल/लिब'मध्ये मोकळी सोडू नये. दोन्ही मिळून '/ऑप्ट'मधल्या एका फोल्डरात ठेवावेत आणि बांधतानाच प्रोग्रॅमला सांगावं की तुझी लायब्ररी अमुक ठिकाणी आहे. या सोयीला आरपाथ म्हणतात. बोअरचं पाणी हवं तर थेट बागेच्या नळाला जोडा, इमारतीच्या मुख्य लाइनीला नको.

वही नव्हती, म्हणून

ती लिबकर्ल काढायची कशी? 'मेक अनइन्स्टॉल' ही सोय बऱ्याच प्रकल्पांत असते, पण तिला ज्या फोल्डरात बांधलं तो फोल्डर लागतो. तो विद्यार्थ्यानं केव्हाच पुसला होता. सीमेकनं बांधलेलं असतं तर त्या फोल्डरात टाकलेल्या सगळ्या फायलींची एक यादी मिळाली असती, पण इथे तीही नव्हती.

शेवटी मी कर्लची तीच आवृत्ती पुन्हा उतरवली, त्याच रीतीनं बांधली आणि इन्स्टॉल करताना 'डेस्टडिर' या नावानं एक रिकामा फोल्डर दिला. असं केलं की फायली खऱ्या जागी न जाता त्या रिकाम्या फोल्डरात, अगदी त्याच रचनेत उतरतात. म्हणजे काय काय पुसायचं याची यादी हातात येते. ती '/यूएसआर/लोकल'शी ताडून पाहिली, एकेक फाइल काढली, एलडीकॉन्फिग चालवलं. आर पुन्हा नीट चालू लागलं. दुपार गेली. ही युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे, पण तिची गरजच पडू नये हे जास्त चांगलं.

त्यासाठी ग्नू स्टो आहे. माझं या छोट्या साधनावर खरं प्रेम आहे. कल्पना इतकी साधी की पाचवीतल्या मुलालाही सांगता येईल. प्रत्येक सॉफ्टवेअरला '/यूएसआर/लोकल/स्टो'मध्ये स्वतःची खोली द्यायची, नाव आणि आवृत्ती लिहून. कॉन्फिगर करताना प्रीफिक्स म्हणून त्या खोलीचा पत्ता द्यायचा, म्हणजे सगळ्या फायली तिथेच उतरतात. मग त्या फोल्डरात उभं राहून 'स्टो' आणि खोलीचं नाव म्हणायचं. स्टो '/यूएसआर/लोकल/बिन', '/यूएसआर/लोकल/लिब' वगैरे ठिकाणी खऱ्या फायलींकडे बोट दाखवणाऱ्या लिंका तयार करतं. पाथ बदलावा लागत नाही.

वही कुठे आहे? लिंक हीच वही. 'एलएस -एल' केलं की प्रत्येक लिंक कोणत्या खोलीकडे जाते ते समोर दिसतं. 'स्टो -डी' म्हटलं, इथेही डी कॅपिटल, की त्या खोलीच्या लिंका निघून जातात आणि फायली खोलीत सुखरूप राहतात. नवी आवृत्ती पटली नाही तर तिच्या लिंका काढून जुनीच्या लावायला एक मिनिट पुरतं. दोन खोल्यांत एकाच नावाची फाइल असेल तर स्टो डीपीकेजीसारखंच अडून बसतं. डिपेंडन्सी, म्हणजे कशाला आणखी काय लागतं, ते त्याला कळत नाही, अपडेट ते आणत नाही, आणि लायब्ररी झाकली जाण्याचा मघाचा धोकाही त्यानं टळत नाही. पण काढता येणं आणि कुणाचं काय आहे ते कळणं, एवढं मिळालं की निम्मी लढाई संपते.

दुसरा मार्ग म्हणजे हातानं बांधलेल्याचंच पॅकेज करून ते सरकारी वहीत चढवणं. चेकइन्स्टॉल नावाचं साधन 'मेक इन्स्टॉल' चालू असताना लक्ष ठेवतं, कोणत्या फायली कुठे गेल्या ते टिपतं आणि त्याचं पॅकेज तयार करून डीपीकेजीकडे देतं. मग काढणं 'एपीटी रिमूव्ह'इतकं सोपं. असं पॅकेज स्वतःच्या मशिनपुरतं ठेवावं, इतरांना वाटू नये, कारण त्याला काय काय लागतं हे त्यात नीट लिहिलेलं नसतं. आवृत्तीच्या शेवटी टिल्डचं चिन्ह लावून 'लोकल' असा शब्द जोडावा. डीपीकेजीच्या हिशोबात टिल्ड लागलेली आवृत्ती टिल्ड नसलेल्या त्याच आवृत्तीपेक्षा लहान धरली जाते. त्यामुळे उद्या भांडारात तीच आवृत्ती अधिकृतपणे आली की ती आपोआप तुमच्या पॅकेजची जागा घेते, आणि तेच व्हायला हवं.

'एपीटी-मार्क होल्ड' करून एखादं पॅकेज गोठवण्याचा सल्लाही पुष्कळ जण देतात. मी तो शक्यतो देत नाही. होल्ड केलेल्या पॅकेजला सुरक्षेच्या दुरुस्त्याही मिळत नाहीत आणि होल्ड केलंय हे दोन महिन्यांत विसरायला होतं. करायचंच तर कॅलेंडरमध्ये ते काढण्याची तारीख त्याच क्षणी टाकावी.

पायथनचं वेगळं सांगायला हवं

कारण पुण्यातल्या विद्यार्थ्यांचे निम्मे प्रश्न तिथलेच असतात. पिप हाही पायथनसाठीचा एक पॅकेज मॅनेजरच, पण त्याची वही वेगळी. 'सुडो पिप इन्स्टॉल' केलं की सिस्टिमच्या पायथनमध्ये तो स्वतःच्या मर्जीनं आवृत्त्या बदलतो आणि लिनक्सची स्वतःची कितीतरी साधनं त्याच पायथनवर चालतात. एका घरात दोन कारभारी झाले की जे होतं, ते होतं. म्हणून पायथनच्या मंडळींनी पेप ६६८ नावाचा ठराव केला. सिस्टिमनं 'हे पायथन माझ्या ताब्यात आहे' अशी खूण ठेवली की पिप तिथे काही टाकायला नकार देतो. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून तिथे ही खूण आहे, उबुंटूनंही त्याच वर्षी ती आणली.

तो नकार दिसला की लोक शोधतात आणि 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' हा पर्याय लावून मोकळे होतात. त्याच्या नावातच लिहिलंय की सिस्टिम मोडेल. तसं करू नका. प्रत्येक प्रकल्पाला व्हेन्व्ह, म्हणजे पायथनची वेगळी खोली, करून द्या, आणि टर्मिनलवर वापरायचं पायथनचं साधन असेल तर पिपएक्सनं टाका. तो प्रत्येक साधनाला स्वतंत्र खोली देतो, स्टोसारखाच.

सिस्टिम वर नेण्याआधी

हातानं टाकलेलं सॉफ्टवेअर बिघडतं ते बहुधा मोठ्या अपग्रेडच्या वेळी. अपग्रेड '/यूएसआर/लोकल'ला हात लावत नाही, पण ते ज्या लायब्ररींवर उभं असतं त्या बदलतात. उबुंटू २०.०४ वरून २२.०४ वर किंवा डेबियन ११ वरून १२ वर जाताना ओपनएसएसएल १.१ जाऊन ३ आलं, आणि जुन्या लायब्ररीशी बांधलेले कितीतरी घरगुती प्रोग्रॅम सुरूच होईनासे झाले. ते पुन्हा बांधावे लागले, आणि पुन्हा बांधायचं तर आधी कसं बांधलं होतं ते माहीत हवं.

कर्लच्या त्या प्रकरणानंतर आमच्या प्रत्येक मशिनवर '/यूएसआर/लोकल'मध्ये एक साधी टेक्स्ट फाइल आहे. काय टाकलं, कोणती आवृत्ती, कुठून उतरवलं, कॉन्फिगरला कोणते पर्याय दिले, कुणी, कधी आणि कशासाठी. शेवटी, या सॉफ्टवेअरच्या सुरक्षेच्या बातम्या कोण वाचणार त्याचं नाव. हे शेवटचं नाव लिहायला कुणी पुढे आलं नाही, तर ते सॉफ्टवेअर मशिनवर जात नाही.

गेल्या अपग्रेडच्या आधी ती फाइल घेऊन मी आणि दोन विद्यार्थी बसलो. सतरा नोंदी होत्या. अकरा सॉफ्टवेअरच्या पुरेशा नव्या आवृत्त्या आता भांडारातच आल्या होत्या, त्यांच्या 'कशासाठी'च्या रकान्यातलं कारण उरलं नव्हतं. 'स्टो -डी' करून त्या काढल्या आणि एपीटीनं घेतल्या. चार पुन्हा बांधल्या. उरलेल्या दोन कुणासाठी होत्या ते नावावरून कळलं. फोन केला, दोघांनीही सांगितलं की आता लागत नाही.